पंधरा की पन्नास? नववी-दहावीच्या मुलांचं इंग्रजी ऐकणं-वाचणं तपासायचं कसं

मार्चचा शेवटचा आठवडा होता. नागपुरात तोवर ऊन चांगलंच तापलेलं असतं. नववीच्या वर्गात मी एक छोटी श्रवणचाचणी घेतली. आपल्या रेल्वे स्टेशनवर होते तशी इंग्रजी घोषणा मोबाईलवर रेकॉर्ड केली, ब्लूटूथ स्पीकर टेबलावर ठेवला आणि दोनदा ऐकवली. गाडी पंधरा मिनिटं उशिराने धावते आहे आणि फलाट क्रमांक दोनवर येईल, एवढाच मजकूर. प्रश्न मराठीत होता: गाडीला किती उशीर आहे? पेपर तपासायला घेतले, तर पन्नास मिनिटं, पन्नास मिनिटं, पुन्हा पन्नास मिनिटं.

"या पोट्ट्यांना इंग्रजी ऐकायची सवयच नाही," असं शिक्षकांच्या खोलीत म्हणून मोकळं होता आलं असतं. म्हटलंही मी. पण पेपर बाकांच्या क्रमाने गोळा झालेले होते. पुन्हा उलटून पाहिले तेव्हा दिसलं की पुढच्या दोन बाकांवरच्या बहुतेकांनी पंधरा लिहिलंय, आणि पन्नासवाले जवळजवळ सगळे मागचे. वर्गात चार पंखे फिरत होते आणि शेजारच्या खोलीतल्या कूलरची पाठ आमच्या व्हरांड्यात घरघरत होती. मग मी तपासलं काय? मुलांचं इंग्रजी की कूलर?

पालक भेटले की विचारतात, "मॅडम, पोराला इंग्रजी येतं का?" त्याचं सरळ उत्तर देणं किती अवघड आहे ते त्या दिवशी कळलं. तेव्हापासून या गोष्टीचा पिच्छा पुरवला. जे हाती लागलं ते इथे सांगते.

आधी मूळ अडचण. मुलाचं लिहिणं आणि बोलणं आपल्या समोर घडतं. वही उघडली की चुका मोजता येतात. ऐकणं आणि वाचणं मात्र डोक्याच्या आत चालतं. मूल बाकावर शांत बसलेलं असतं, आत उजेड पडलाय की अंधार, बाहेरून काही कळत नाही. म्हणून आपण त्याला काहीतरी करायला लावतो: उत्तर लिही, पर्यायावर खूण कर, चित्र निवड, मोठ्याने वाचून दाखव. आणि मार्क देतो ते या करण्याला. त्यात भेसळ होते. उत्तर इंग्रजीत लिहायचं असेल तर स्पेलिंग आणि व्याकरण मिसळतं. ध्वनिफीत लांबलचक असेल तर स्मरणशक्ती मिसळते. चार पर्याय दिले तर नशीब मिसळतं. वर्गात गोंगाट असेल तर मूल कितव्या बाकावर बसलंय तेही मिसळतं. पायलीच चेपलेली असेल तर धान्य कितीही नीट भरा, माप चुकणारच.

कूलरचा निकाल

मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एक मीटरवर बसलेल्या मुलीला जे ऐकू येतं त्यापेक्षा आठ मीटरवरच्या मुलाला, हिशेबाने, अठरा डेसिबल कमी. बंद खोलीत भिंती आवाज परतवतात म्हणून उतार एवढा तीव्र नसतो, पण परतलेले आवाज एकमेकांवर चढतात आणि शब्दांच्या कडा पुसल्या जातात. वर्गाच्या आवाजाबद्दल अमेरिकेत जे मानक वापरतात त्यानुसार रिकाम्या वर्गातला आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा, आणि शिकवणाऱ्याचा आवाज आजूबाजूच्या आवाजापेक्षा १५ डेसिबलने तरी वर राहावा अशी तिथल्या तज्ज्ञांची शिफारस आहे. आमच्याकडे नुसते पंखेच ही मर्यादा ओलांडत असावेत. कूलरबद्दल तर बोलायलाच नको.

आता फिफ्टीन आणि फिफ्टी. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस पहिल्या शब्दात 'टीन'वर जोर देतो, दुसऱ्यात 'फिफ्'वर. ऐकणारा प्रामुख्याने त्या जोरावरून ओळखतो. मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून शब्दाचा अर्थ असा बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्ष देत नाही, आणि आपण इंग्रजी बोलताना बरेचदा दोन्हींत पहिल्याच अक्षरावर भार टाकतो. मी तेच केलं होतं. मग फरक उरतो शेवटच्या बारीकशा 'न'चा. तो 'न' पंख्याखाली कुठे टिकणार? म्हणजे चुकीत तीन वाटेकरी होते: कूलर, माझा उच्चार आणि, असलंच तर, मुलांचं इंग्रजी. मार्क मात्र एकट्या मुलांचे गेले.

जगात हा प्रश्न किती गांभीर्याने घेतात याचं माझं आवडतं उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. तिथे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा नोव्हेंबरात होते. इंग्रजीचे ४५ प्रश्न, वेळ ७० मिनिटं, त्यातले पहिले १७ प्रश्न ऐकून सोडवायचे. तेवढा वेळ, साधारण ३५ मिनिटं, देशभरातली विमानांची ये-जा थांबवतात. जी विमानं आधीच हवेत असतील त्यांनी उंचावरच घिरट्या घालायच्या. जपानने २००६ साली प्रवेश परीक्षेत इंग्रजी श्रवण आणलं तेव्हा वेगळी वाट धरली: प्रत्येक परीक्षार्थीच्या हातात छोटं ध्वनियंत्र आणि कानात इअरफोन, म्हणजे पुढचा बाक-मागचा बाक हा भेदच संपला.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरची विमानं आमच्या घटक चाचणीसाठी कोणी थांबवणार नाही. पण मी काय केलं ते सांगते, त्याला एक रुपया लागला नाही. चाचणी सकाळच्या पहिल्या तासाला घेतली, म्हणजे पाच-सात मिनिटं पंखे बंद ठेवता आले. स्पीकर टेबलावरून उचलून वर्गाच्या मधोमध स्टुलावर ठेवला. वर्गाचे दोन गट केले. सुरुवातीला मार्क नसलेला एक सोपा तुकडा ऐकवला आणि शेवटच्या बाकावरून हात वर आले की मगच खरी चाचणी सुरू केली. पंधरा-पन्नासचा घोळ संपला नाही, पण बराच आटला. उरला तो इंग्रजीचा होता आणि तो वर्गात शिकवता आला.

"का करून रायला बे?"

ऐकण्याची खरी अडचण समजून घ्यायला इंग्रजीची गरज नाही. पुण्याहून बदली होऊन आलेल्या माणसाला सक्करदऱ्याच्या पानठेल्यावर उभं करा. तिथे कोणीतरी म्हणतं, "का करून रायला बे?" पुस्तकातलं वाक्य आहे 'काय करतो आहेस', आपल्याकडचं 'काय करून राहिला आहेस', आणि तोंडातून बाहेर पडताना त्याचा असा लगदा झालेला. पुण्याच्या पाहुण्याला यातला प्रत्येक शब्द कागदावर दाखवला तर कळेल. कानावर पडतो तेव्हा दोन क्षण तो गोंधळतो.

इंग्रजीचं अगदी असंच आहे. 'व्हॉट आर यू डूइंग' हे बोलण्यात 'वॉचा डूइन' होऊन येतं. लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडतात, बोलताना सोडत नाहीत. कान सलग धार ऐकतो आणि ती कुठे कापायची हे ऐकणाऱ्याला स्वतः ठरवावं लागतं. शिवाय ही धार थांबत नाही. सर्वसाधारण इंग्रजी बोलणं मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्दांनी चालतं. वाचताना अडलं तर मूल ओळीवर बोट ठेवून मागे जातं, ऐकताना बोट ठेवायला काही नसतं. म्हणून वाचायला चांगली असलेली मुलगी श्रवणात गडबडते तेव्हा शब्द येत असूनही ते धारेतून वेगळे काढता येत नाहीत, अशी शक्यता मोठी असते.

काही सापळे खास आपल्या भाषेचे आहेत. "तू काल गेला नाहीस ना?" याला आपण "हो" म्हटलं तर अर्थ होतो: बरोबर, नाही गेलो. इंग्रजीत तशाच प्रश्नाला 'येस' म्हटलं तर अर्थ होतो: गेलो होतो. संवादातला एवढासा 'येस' मूल अचूक ऐकतं आणि उत्तर नेमकं उलटं लिहितं.

आता प्रश्न कसा रचायचा. मी वापरलेला एक संवाद पाहा. सीताबर्डीवर बॅग घ्यायला गेलेला मुलगा आणि दुकानदार, दोघं इंग्रजीत बोलताहेत. निळी बॅग तीनशेची आहे, असं दुकानदार सांगतो. मुलगा विचारतो, करडी केवढ्याची? दुकानदार म्हणतो, 'फिफ्टी लेस'. प्रश्न: करड्या बॅगेची किंमत किती? पर्याय: ५०, २५०, ३००, ३५०.

बरोबर उत्तर २५० आणि हा आकडा संवादात कुठेच उच्चारलेला नाही, त्यामुळे नुसता शब्द कानाने पकडून काम भागत नाही. पण माझा जास्त जीव चुकीच्या पर्यायांत आहे. ज्याने ५० लिहिलं त्याने शेवटचा आकडा तेवढा पकडला. ३०० लिहिणाऱ्याचं लक्ष पहिल्या वाक्यावरच थांबलं. ३५० वाल्याला सगळं ऐकू आलं, फक्त 'लेस' निसटला. तिघांनाही शून्य मार्क, पण तिघांची गरज वेगळी. चुकीचा पर्याय असा आजार सांगणारा हवा. नुसती जागा भरायला चौथा पर्याय म्हणून १७,००० लिहिला तर तो कोणीच निवडत नाही. तो नसला तरी चालतो, तीन चांगले पर्याय पुरतात.

एकदा ऐकवायचं की दोनदा, यावर जगात एकमत नाही. परदेशी शिक्षणासाठी देतात त्या आयेल्ट्समध्ये चाळीस प्रश्नांचं श्रवण एकदाच ऐकायला मिळतं. चीनच्या प्रवेश परीक्षेत पहिले पाच छोटे संवाद एकदा आणि पुढचे दोनदा ऐकवण्याची पद्धत आहे. जपाननेही २०२१ च्या नव्या परीक्षेपासून काही प्रश्न एकदाच ऐकवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी वाचन १०० आणि श्रवण १०० असे समान गुण केले. आधी हे प्रमाण २०० ला ५० होतं. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मी दोनदाच ऐकवते. प्रत्यक्षात समोरच्याला "काय म्हणालात?" असं आपण विचारतोच की. मात्र प्रश्न आधी वाचायला द्यावेत. कशासाठी ऐकायचंय हे माहीत नसताना ऐकलं तर ती पाठांतराची परीक्षा होते.

खडाखडा वाचणं

वाचनाचं सगळ्यात मोठं फसवं माप म्हणजे मोठ्याने वाचून दाखवणं. तपासणीला साहेब आले की आपण वर्गातली हुशार मुलगी उभी करतो, ती इंग्रजीचा धडा खडाखडा वाचते, सगळे खूश. आपल्यापैकी कितीतरी जणांना संस्कृत स्तोत्रं तोंडपाठ आहेत आणि समोर पुस्तक धरलं तर ती न अडखळता वाचताही येतात. तिसऱ्या ओळीचा अर्थ विचारला तर? देवनागरीचा हा गुणच आहे: बाराखडी आली की काहीही उच्चारता येतं, समजो न समजो. इंग्रजीचं स्पेलिंग असं सरळ नाही, म्हणून आमची मुलं पुस्तकातल्या ओळीवर पेन्सिलने बारीक मराठीत उच्चार लिहून ठेवतात आणि तेच वाचतात. वाचन ऐकायला छान लागतं. ते मराठी वाचन असतं.

हा फरक आकड्यांतही दिसतो. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणाने २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना सोपी इंग्रजी वाक्यं वाचायला दिली. ५७.३ टक्के मुलांनी ती वाचली. वाचणाऱ्यांपैकी अर्थ सांगू शकली ती साधारण तीन चतुर्थांश. म्हणजे शंभरातली सत्तावन्न वाचतात आणि बेचाळीसच्या आसपास समजून वाचतात. मधल्या पंधरा मुलांना नुसतं वाचायला लावून आपण 'इंग्रजी येतं' असा शेरा देऊन टाकला असता.

इथे ऐकणं आणि वाचणं दोन्ही तपासण्याचा खरा फायदा कळतो. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरांतून शब्द काढता येणं गुणिले भाषा समजणं. यात गुणाकार आहे, बेरीज नाही. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर दुसरं कितीही असो, हाती शून्यच. भाषा किती समजते हे श्रवणातून कळतं. मग अडचणी शोधण्यासाठी एक मजकूर आज ऐकवला आणि त्याच पातळीचा दुसरा उद्या वाचायला दिला, तर वेगवेगळी मुलं वेगवेगळी दिसायला लागतात. ऐकून कळतं पण वाचून कळत नाही, त्या मुलाची गाडी स्पेलिंग-उच्चाराच्या नात्यात अडलीय. त्याला व्याकरणाची शिकवणी लावून उपयोग नाही. वाचून दाखवतो पण ऐकूनही कळत नाही आणि वाचूनही नाही, त्याच्याकडे शब्दांचा साठाच नाही. वाचून नीट समजतं पण कानाने नाही, ही आमच्याकडची सगळ्यात मोठी जमात. पुस्तकातून इंग्रजी शिकली, कधी ऐकलीच नाही. तिन्ही मुलांच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत ४२ असू शकतात.

टिंबोळ्याची गोष्ट

खालचं वाक्य वाचा.

'टिंबोळ्याने भल्या पहाटे तीन गरमुंज झिपरवले आणि मग तो खुळपाटाच्या कडेला चिंबसून बसला.'

आता प्रश्न सोडवा. टिंबोळ्याने किती गरमुंज झिपरवले? केव्हा झिपरवले? नंतर तो कुठे बसला?

पैकीच्या पैकी. टिंबोळ्या कोण, गरमुंज खायचे की नेसायचे, काही कळलं नाही तरी. कारण मराठी वाक्याची चौकट तुम्हाला येते आणि प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधून शेजारचा शब्द उचलायचा एवढंच काम होतं. आमची मुलं 'अनसीन' उतारा असाच सोडवतात. शिकवणीत ही युक्ती रीतसर शिकवतातही: आधी प्रश्न वाच, त्यातला मोठा शब्द उताऱ्यात शोध, ती ओळ उचल.

ओळ उचलून भागणार नाही असा प्रश्न करणं अवघड नाही. प्रश्नाचे शब्द उताऱ्यातल्या शब्दांपेक्षा वेगळे ठेवायचे. दोन वाक्यं जोडल्याशिवाय उत्तर निघणार नाही असं पाहायचं. आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी सगळ्यात सोपा उपाय: प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तर मराठीत चालवा. मराठी प्रश्नाचा शब्द इंग्रजी उताऱ्यात सापडणारच नाही, उचलणार काय?

हे माझं मत अनेक सहकाऱ्यांना पटत नाही. "मग ती इंग्रजीची परीक्षा कसली?" असं विचारतात. मी म्हणते, लिहिण्याची परीक्षा जरूर घ्या, पण वेगळी घ्या. आज काय होतं, जिला उतारा पुरता कळला पण इंग्रजीत वाक्य जुळवता येत नाही तिला शून्य, आणि ज्याने टिंबोळ्या केला त्याला दोन पैकी दोन.

उतारा किती कठीण असावा याचंही एक माप आहे. शब्दांवर काम करणारे अभ्यासक सांगतात की आधाराविना नीट समजून वाचायचं तर मजकुरातले ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. ९५ टक्क्यांवर कसंबसं भागतं. दीडशे शब्दांच्या उताऱ्यात तीन नवे शब्द ठीक, सात-आठ म्हणजे दमछाक. चाचणीच्या आधी चार-पाच मध्यम मुलांना उतारा देऊन अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा, लगेच कळतं.

याहून झटपट काही हवं असेल तर गाळलेल्या शब्दांची जुनी युक्ती आहे. विल्सन टेलर यांनी १९५३ साली ती मांडली. पहिलं वाक्य तसंच ठेवायचं आणि पुढे दर सातवा शब्द, तो कुठलाही असो, खोडायचा. 'मे महिन्यात भर दुपारी नागपुरात रस्त्यावर ___ दिसत नाही.' तुम्ही तिथे 'कोणी' म्हणालात, किंवा 'कुत्रंही' म्हणाला असाल. ज्याला भाषा येते त्याचं डोकं पुढचा शब्द आधीच तयार ठेवतं. हे फक्त व्याकरणाच्या 'रिकाम्या जागा भरा'सारखं दिसतं, पण आपण शब्द निवडून खोडत नाही हा फरक आहे.

मार्क आणि नशीब

पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि पस्तीस टक्क्यांना पास. म्हणजे दोन बरोबर आले की झालं. आता शंभर मुलांनी प्रश्न न वाचता डोळे मिटून खुणा केल्या तर किती पास होतील? हिशेब केला तर सुमारे ३७. वीस प्रश्न ठेवले, सात बरोबर हवेत, तर सुमारे २१. चाळीस प्रश्न, चौदा बरोबर हवेत, तर दहा. इंग्रजीचा एक शब्दही न वाचता! म्हणून पाच प्रश्नांच्या चाचणीवरून कोणाच्या पोराला 'कच्चा' किंवा 'पक्का' म्हणू नये. निदान तीन-चार चाचण्यांचे मार्क एकत्र पाहावेत.

बोर्डाचं काय, हे पालक विचारतातच. भाषेच्या शंभर गुणांत ८० लेखी आणि २० शाळेने घ्यायच्या तोंडी परीक्षेचे. कृतिपत्रिका तीन तास वाचणं-लिहिणं तपासते. ऐकण्याला जागा आहे ती त्या विसात. ते वीस शाळेच्या हातचे असल्याने बहुतेक ठिकाणी सढळ हाताने पडतात, हे आपण सगळे जाणतो. २०१९ च्या दहावीला हे अंतर्गत गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळं खापर त्या विसावर फोडता येत नाही. पुढच्या वर्षी गुण परत आले, आणि निकाल ९५.३० वर गेला, तेव्हाही कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झालेला नव्हता. पण एवढं दिसतं की या विसांना आपण पास होण्याची शिडी म्हणून वापरतो. खरं श्रवण तपासायला वर्षातून दोन सकाळी पुरतील, आणि पेपरपेक्षा कमी कागद लागेल.

चाचणी झाल्यावर एक काम जवळजवळ कोणीच करत नाही, ते म्हणजे प्रश्नांचीच तपासणी. पद्धत सोपी आहे. पेपर एकूण मार्कांप्रमाणे लावायचे. वरचे दहा आणि खालचे दहा घ्यायचे. प्रत्येक प्रश्न वरच्यांतल्या कितींना आला आणि खालच्यांतल्या कितींना, ते मोजायचं. वरच्या आठांना आणि खालच्या तिघांना आला तर प्रश्न चांगला, तो मुलांमध्ये फरक करतो. दोन्हीकडे सारखेच असतील तर प्रश्न एकतर फार सोपा, फार कठीण किंवा निरर्थक. आणि खालच्यांना जास्त आणि वरच्यांना कमी आला, तर गडबड मुलांत नाही, प्रश्नात आहे.

मला असा प्रश्न या वर्षी सापडला. नागपूरच्या संत्र्यावरचा इंग्रजी उतारा इंटरनेटवरून घेतला होता. त्यात लिहिलं होतं की संत्री हिवाळ्यात बाजारात येतात. प्रश्न: संत्री बाजारात केव्हा येतात? एका पर्यायात 'हिवाळ्यात' होतं, एकात 'वर्षातून दोनदा'. वर्गातल्या चांगल्या वाचणाऱ्या मुलांपैकी बरीच 'दोनदा'वर खूण करून बसली होती. एकाला बोलावून विचारलं, तर त्याच्या मामाची बाग काटोलला. "मॅडम, आंबिया बहार दिवाळीच्या पुढेमागे तुटतो आणि मृग बहार होळीच्या आसपास. पुस्तकवाल्याला मृग माहीतच नाही." बाकावरच्या बाकी मित्रांना त्यानेच आदल्या दिवशी हे सांगितलेलं.

वाचताना माणूस उताऱ्यात स्वतःचं ज्ञान ओततच असतो. १९८८ साली रेख्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला होता. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. बर्फावरच्या घसरगाडीचा उतारा आमच्या वर्गाला दिला तर काय होईल याची कल्पना करा, आणि संत्र्याचा दिला तर काय होतं ते तर मी पाहिलंच.

तो प्रश्न सगळ्यांसाठी रद्द केला. पुढच्या चाचणीला मुद्दाम असा विषय शोधला की कोणाच्याच मामाकडे तो नसेल आणि लागणारी सगळी माहिती उताऱ्यातच असेल. दीपगृहाचा उतारा घेतला. आमच्या वर्गात समुद्र पाहिलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पेपर वाटून झाले तेव्हा दुसऱ्या बाकावरून एक हात वर आला. "मॅडम, मी रत्नागिरीला आत्याकडे गेले होते, तिथलं दीपगृह आम्ही पाहिलंय."